उसाचं पान, 'डोळे आलेत' आणि मी दिलेला ड्रॉप

उसाचं पान लागलेला डोळा साथीचा समजून मी ड्रॉप देऊन टाकला, त्याची ही गोष्ट. आधीच सांगून टाकतो, ह्या केसमधे चूक कुणा डॉक्टरची नाही, माझी आहे. तालुक्याच्या रस्त्यावर माझं छोटं मेडिकल आहे, डी फार्म करून चौदा वर्षं झाली, आणि पेशंट म्हणजे माझे सख्खे चुलते, वय ५८, सगळा गाव त्यांना तात्या म्हणतो. कोल्हापूर जिल्ह्यातलं गाव, दोन एकर ऊस, चार म्हशी. तात्यांना विचारूनच लिहितोय, ते म्हणाले लिही की, पण माझं नाव घालू नको, आधीच पारावरची टाळकी मला एकडोळ्या म्हणायला लागलीत.

साल २०२३, जुलैचा शेवट. तेव्हा अख्ख्या महाराष्ट्रात डोळे येण्याची साथ होती, आळंदीत वारकरी शिक्षण घेणाऱ्या पोरांचे डोळे यायला लागले आणि बघता बघता सगळीकडं पसरली, पेशंटचा सरकारी आकडाच लाखांच्या पुढं गेला होता. शाळा अर्ध्या रिकाम्या, एसटीत चार माणसं गॉगल लावून बसलेली. माझ्या काउंटरवर दिवसाला तीस-चाळीस जण यायचे, सगळ्यांचं एकच वाक्य, "डोळे आलेत, ड्रॉप द्या." मीपण न बघता द्यायचो, खरं सांगतो. खोकल्याच्या गोळ्या द्याव्यात तसं.

रविवारी ३० जुलैला तात्या म्हशींना वैरण म्हणून उसाचा पाला काढत होते. पाऊस थांबून थांबून पडत होता, फडात चिखल, वाकून पाला ओढताना एक पान सटकन उजव्या डोळ्यात आलं. उसाच्या पानाची कड करवतीसारखी असते, हातावर ओरखडे उठतात ते सगळ्यांना माहिती आहे, तीच कड बुबुळावरनं, म्हणजे डोळ्याच्या काळ्या भागावरच्या काचेसारख्या पडद्यावरनं, घासून गेली. तात्यांनी काय केलं, तर खांद्यावरच्या टॉवेलनं डोळा चोळला (तोच टॉवेल ज्यानं आधी म्हशीचं दावं पुसलं होतं), बांधावरच्या पाण्यानं तोंड धुतलं आणि भारा पुरा करूनच घरी आले. रात्री काकीनं एरंडेल तेलाचा थेंब सोडला. दोन दिवस नुसतं खुपत होतं, पाणी येत होतं, ते म्हणले कुसळ गेलं असंल, निघंल आपोआप.

बुधवारी, २ ऑगस्टला, दुकानात आले. गर्दीची वेळ. म्हणले, "दे की रं दोन थेंब, माझंबी आलं बघ डोळं." मी बघितलं तर डोळा लाल, पाणी वाहतंय. मी फडताळातनं ड्रॉप काढला, मॉक्सीफ्लॉक्सासिन हे अँटिबायोटिक आणि डेक्सामेथासोन एकत्र असलेला, दिवसातनं चार वेळा म्हणून सांगितलं, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडं वळलो. दोन मिनिटं पण लागली नाहीत.

आता ह्यात काय काय चुकलं ते एकेक करून सांगतो, कारण त्या दिवशी मला हे सगळं माहीत होतं, फक्त डोक्यात आलं नाही.

पहिलं म्हणजे त्यांचा एकच डोळा लाल होता. साथीत एका डोळ्यापासनं सुरुवात होते हे खरं, पण एक-दोन दिवसात दुसरा पण येतोच बहुतेक वेळा. तात्यांचा चौथा दिवस होता आणि डावा डोळा काचेसारखा स्वच्छ. दुसरं, साथीच्या डोळ्यात टोचल्यासारखं होतं, चिकटतं, सकाळी चिपडांनी पापण्या बंद होतात, पण चिपडं पुसली की दिसतं व्यवस्थित. तात्या म्हणत होते "धुरकट दिसतंय" आणि ते ट्यूबलाइटकडं बघत नव्हते, उजेडाला पाठ करून उभे होते. उजेड सहन न होणं, दुखणं आणि नजर कमी होणं, ही तीन एकत्र असली की मामला वरच्या पांढऱ्या भागाचा राहत नाही, बुबुळाचा नाहीतर डोळ्याच्या आतला होतो. आणि तिसरं, सगळ्यात सोपं, मी विचारलंच नाही की डोळ्याला काय लागलं होतं का. साथ होती म्हणून निदान आधीच ठरलेलं होतं, तात्यांनी पण ठरवलेलं, मी पण.

आणि ड्रॉप कुठला दिला, तर स्टेरॉइडवाला. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड आहे, सूज आणि लाली झटकन उतरवतं, म्हणून गिऱ्हाईक खूश होतं आणि पुढच्या वेळी बाटली दाखवून "हाच द्या" म्हणतं. ही औषधं कायद्यानं डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय द्यायचीच नसतात, पण काउंटरवर काय चालतं ते सगळ्यांना माहिती आहे. साथीच्या डोळ्याला तर बहुतेक वेळा हे काहीच लागत नाही, तो व्हायरस असतो, अँटिबायोटिक त्याला काही करत नाही, गार पाण्याच्या घड्या, अश्रूंसारखे साधे ड्रॉप, वेगळा टॉवेल, सारखे हात धुणं, एक-दोन आठवड्यात आपोआप बसतं. (जाता जाता, नुसतं डोळ्यात बघून डोळे येत नाहीत, हात, टॉवेल, उशीचा अभ्रा ह्यातनं येतात. गॉगल लावल्यानं साथ थांबत नाही, फक्त उजेडाचा त्रास कमी होतो.) पिवळा घट्ट पू सारखा येत असेल तर बॅक्टेरियाचं इन्फेक्शन, तिथं अँटिबायोटिक ड्रॉपचा उपयोग. पण बुरशीच्या इन्फेक्शनमधे अँटिबायोटिक बिनकामाचं आणि स्टेरॉइड म्हणजे चोराला घरात घेऊन कुत्रं बांधून ठेवल्यासारखं. नागिणीच्या जातीच्या व्हायरसची, म्हणजे हर्पिसची जखम असली तरी तेच.

तर तात्यांना दोन दिवसात बरं वाटलं. ५ तारखेला दुकानावरनं जाताना हात वर करून म्हणले, "झकास हाय औषध." लाली उतरली होती, मला पण बरं वाटलं. मंगळवारी ८ ला रात्री दुखायला लागलं ते असं की झोप नाही, कपाळाची ती बाजू ठणकतीय, उलटी झाल्यासारखं होतंय. सकाळी काकीनं फोन केला, "बुबुळावर पांढरा ठिपका दिसतोय रं, फूल पडल्यागत." मी मोबाईलचा टॉर्च मारून बघितलं आणि माझ्या पोटात गोळाच आला. काळ्यावर मुगाच्या दाण्याएवढा करडा-पांढरा डाग.

तालुक्याच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी मशीनवर हनुवटी टेकवायला लावली, अर्धा मिनिट बघितलं, आणि पहिला प्रश्न, "शेतात काम करताय का? काही लागलं होतं?" तात्या म्हणले, "व्हय, उसाचं पान." मी शेजारी उभा. मग त्यांनी विचारलं आतापर्यंत कुठलं औषध घातलं, आणि मी खिशातनं बाटली काढून दिली. ते काही बोलले नाहीत, नाव वाचलं आणि बाटली टेबलावर ठेवली. बोलले असते तर बरं झालं असतं. ड्रॉप आत्ताच्या आत्ता बंद म्हणाले आणि मिरजेला चिठ्ठी दिली, कारण नुसतं बघून बुरशी का बॅक्टेरिया हे ठरवायचं नाही, खरवडून तपासायला पाहिजे.

गुरुवारी १० ऑगस्टला मिरजेला डोळ्यांच्या दवाखान्यात नोंद झाली ती अशी: उजव्या डोळ्यानं एक मीटरवरची बोटं मोजता येतात एवढीच नजर. बुबुळावर अल्सर, म्हणजे चिघळलेली जखम, साधारण ४ बाय ३.५ मिलिमीटर, थोडा कडेला. कडा पिसासारख्या फाटलेल्या, पृष्ठभाग कोरडा आणि किंचित वर आलेला, मोठ्या डागाच्या बाजूला दोन बारके डाग. आत, बुबुळाच्या मागं खालच्या अंगाला पू साचून एक मिलिमीटरची पांढरी रेघ. डॉक्टर मॅडम तरुण होत्या, शिकवत शिकवत बघत होत्या, मला म्हणाल्या फार्मासिस्ट आहात ना, या, बघा, पिसासारखी कड आणि हे उपग्रहासारखे डाग म्हणजे बुरशीचा संशय पक्का. केशरी कागदाची पट्टी डोळ्याला टेकवून निळ्या उजेडात बघितल्यावर जखम हिरवी चमकत होती, तेवढ्यापुरतं ते दृश्य सुंदर होतं म्हटलं तर कुणी मारायला येईल.

मग खरवडणं. नाव ऐकून तात्या उठून उभे राहिले. पण भूल देणारा ड्रॉप टाकतात, अर्ध्या मिनिटात डोळा बधिर होतो, बारक्या ब्लेडनं जखमेच्या कडेचा आणि तळाचा थोडा भाग काढून घेतात, दुखत नाही, नुसतं कुणीतरी हलवतंय एवढं कळतं. त्यातलं थोडं काचेवर घेऊन पोटॅशियम हायड्रॉक्साईडचा थेंब टाकला. त्यानं आजूबाजूच्या पेशी विरघळल्यासारख्या पातळ होतात आणि बुरशीचे धागे उघडे पडतात. तासाभरात उत्तर: धागे दिसले, मधे मधे आडव्या भिंती असलेले. म्हणजे बुरशीच. बाकीचं सँपल वेगवेगळ्या प्लेटवर वाढवायला ठेवलं, आणि १६ तारखेला रिपोर्ट आला, फ्युझेरियम. ही बुरशी मातीत, पाल्यात, पिकांवर असतेच, शेतकऱ्यांच्या डोळ्यात भारतात सगळ्यात जास्त सापडणाऱ्यांपैकी एक, दुसरी अस्परजिलस.

मिरजेत नोंद झाली त्याच दिवशी रक्त तपासलं, कारण इन्फेक्शन एवढं फोफावलं तर बघायला पाहिजे म्हणून, आणि साखर २६८ निघाली. तात्यांना डायबेटिस आहे हे ५८ वर्षांत कुणाला माहीत नव्हतं. डोळ्यामुळं कळलं. जखम लवकर न भरायला ते पण एक कारण. दुसऱ्या दिवसापासनं गोळ्या सुरू.

उपचार ऐकायला साधा वाटतो. नॅटामायसिन ५ टक्के, हा बुरशी मारणारा ड्रॉप, दर तासाला एक थेंब, पहिले तीन दिवस रात्री पण दर दोन तासांनी. ॲट्रोपिनचा ड्रॉप दिवसातनं तीन वेळा, त्यानं आतला स्नायू सैल पडतो म्हणून ठणका थांबतो आणि बाहुली मोठी राहिल्यानं आत चिकटत नाही, पण दिसतं अजून धुरकट. डोळ्याचा दाब वाढलेला म्हणून त्याची गोळी काही दिवस. बास. स्टेरॉइड नाही, पट्टी नाही. पट्टी बांधू नका हे मुद्दाम सांगितलं, डोळा झाकला की आत ऊब आणि ओल, बुरशीला आणखी काय पाहिजे.

मी विचारलं, मॅडम व्होरिकोनॅझोल का नाही, ते पण बुरशीवरचंच, आणि नवीन आहे ना? मला वाटलं महागडं म्हणजे भारी. त्यांनी सांगितलं की ह्याच प्रश्नावर मोठा अभ्यास झालाय, मदुराईच्या अरविंद हॉस्पिटलच्या लोकांनी अमेरिकेतल्यांबरोबर केलेला, २०१३ मधे छापून आला, तीनशेच्या वर पेशंट, अर्ध्यांना नॅटामायसिन, अर्ध्यांना व्होरिकोनॅझोलचे थेंब. जुनं नॅटामायसिन जिंकलं, आणि फ्युझेरियममधे तर फरक ठळक होता. तेव्हा तात्यांच्या प्लेटवर काय उगवेल हे अजून माहीत नव्हतं, पण मॅडमनी अंदाज बरोबर बांधला होता.

आता औषध आणायचं, तर माझ्या स्वतःच्या दुकानात नॅटामायसिन नाही. कधी ठेवलंच नव्हतं, कारण कोण मागतंय. स्टेरॉइडवाले पाच प्रकारचे होते. सांगलीच्या होलसेलवाल्याकडनं चार बाटल्या उचलल्या.

घरी खरी कसोटी. दर तासाला थेंब म्हणजे काय हे चिठ्ठीवर लिहायला एक ओळ लागते, करणाऱ्याचं कंबरडं मोडतं. म्हशीचं दूध काढायचं, रान बघायचं, काकीला घरातलं, शेवटी नातीनं ताबा घेतला, नववीतली पोरगी. मोबाईलला अलार्म लावले, वहीत उभ्या रेघा मारल्या, प्रत्येक थेंबाला टिक. बाटली हलवूनच घालायची, कारण हे औषध पाण्यात विरघळत नाही, खाली गाळ बसतो, न हलवता घातलं तर नुसतं पाणीच पडतं. दोन वेगळ्या ड्रॉपमधे पाच मिनिटांचं अंतर, नाहीतर पहिला वाहून जातो. खालची पापणी ओढून तिथं होणाऱ्या खिशात एकच थेंब, बाटलीचं तोंड पापणीला लावायचं नाही. हे सगळं मी चौदा वर्षं लोकांना भरभर सांगत आलो, घरात बसून स्वतः बघितल्यावर कळलं की अर्धे लोक थेंब गालावर घालतात.

तिसऱ्या दिवशी घरात भांडण. डोळ्यात पांढरा थर दिसायला लागला, काकी म्हणाली पू वाढला, हे औषध सोसत नाही, आपल्या आधीच्या औषधानं तर दोन दिवसात उतरलं होतं. तात्यांनी मला फोन करून सांगितलं, "तुझंच ते पहिलं बरं होतं, तेच दे." काय बोलणार. तो पांढरा थर म्हणजे नॅटामायसिनचाच गाळ, जखमेवर बसतो, ते कामाचंच आहे. पण लाली वाढली होती हे खरं होतं, कारण स्टेरॉइड बंद केल्यावर दाबून ठेवलेली सूज उसळून येते. १२ तारखेला दाखवलं तेव्हा मॅडमनी मापं घेतली, वाढ नाही, आहे तेवढंच, पहिल्या आठवड्यात वाढ थांबली म्हणजे औषध लागू पडतंय असं समजायचं म्हणाल्या. लाली किती ह्यापेक्षा कडा गोल व्हायला लागल्या का, दुखणं कमी झालं का, आतली पुवाची रेघ खाली येते का, हे बघतात.

१६ ला परत एकदा जखमेचा वरचा थर खरवडून काढला. ह्यावेळी तपासायला नाही, औषध आत जावं म्हणून, कारण नॅटामायसिन बुबुळात खोल शिरत नाही, त्याचा तो मोठा दोष. इन्फेक्शन खोल गेलं असतं तर बुबुळाच्या जाडीत व्होरिकोनॅझोलचं इंजेक्शन, आणि भोक पडलं असतं तर बारक्या भोकाला डिंकासारखं चिकटवायचं औषध नाहीतर तातडीनं दान आलेलं बुबुळ बसवायचं, अशी पुढची पायरी त्यांनी तेव्हाच समजावून सांगितली. तात्या बाहेर आल्यावर म्हणले, "मेलेल्या माणसाचा डोळा?" आणि मग गाडीत मिरज ते जयसिंगपूर काही बोलले नाहीत.

ती वेळ आली नाही. २३ ला पुवाची रेघ गेली. महिनाअखेर जखम २ मिलिमीटरवर आली, थेंब दर दोन तासांनी केले. गणपती १९ सप्टेंबरला बसले, आणि दुसऱ्या दिवशी मिरजेला गेलो तर निळ्या उजेडात हिरवं काहीच चमकलं नाही, वरची कातडी पूर्ण भरली होती. तरी औषध लगेच बंद नाही, बुरशी खाली दडून बसते, म्हणून अजून दोन-तीन आठवडे दिवसातनं चार-पाच वेळा. एकूण नऊ बाटल्या आणि नातीची वही सत्तर पानांची झाली.

पण जखम भरली म्हणजे नजर आली असं नाही. बुबुळावर कायमचा पांढरा डाग राहिला, आमच्याकडं त्यालाच फूल म्हणतात, आणि कुठल्याही थेंबानं ते जात नाही. डिसेंबरमधे तपासलं तेव्हा उजव्या डोळ्याची नजर ६/६० (म्हणजे चांगल्या डोळ्याला ६० मीटरवरनं दिसतं ते ह्याला ६ मीटरवरनं), बारक्या भोकातनं बघितलं तर ६/३६. डावा ६/९. नेत्ररोपण करता येईल म्हणून सांगितलंय, पण बुरशीच्या जखमेनंतर डोळा बरेच महिने शांत राहायला पाहिजे, आणि नंतर आयुष्यभर ड्रॉप आणि तपासण्या. तात्यांनी नको म्हटलंय. निदान आत्ता तरी.

मी नंतर बरंच वाचत बसलो, अपराधी माणूस वाचतो तसं. मदुराई जिल्ह्यात एकेकाळी मोजलं होतं, दर १०,००० माणसांत वर्षाला ११ च्या आसपास लोकांना बुबुळाचा अल्सर व्हायचा, आणि त्यातल्या बहुतेकांना आधी काहीतरी लागलेलं. मला सगळ्यात जास्त टोचलं ते नेपाळचं. भक्तपूर भागात गावातल्याच साध्या आरोग्यसेवकांना शिकवलं की डोळ्याला खरचटलेला माणूस आला की तपासायचं आणि तीन दिवस क्लोरॅम्फेनिकॉल ह्या अँटिबायोटिकचं मलम लावायचं, दिवसातनं तीनदा. ज्यांना लागल्यापासनं अठरा तासांच्या आत मलम मिळालं त्यांच्यातल्या कुणालाच अल्सर झाला नाही. ते मलम बुरशी मारत नाही, तरी पण. ही ट्यूब माझ्याकडं कायम असते, खालच्या कप्प्यात, गुलाबपाण्याच्या शेजारी. तात्या रविवारी संध्याकाळीच आले असते आणि मी विचारलं असतं तर. पण ते बुधवारी आले, आणि मी विचारलं नाही.

आता काउंटरवर टॉर्च ठेवलाय. एकच डोळा, दुखतंय, उजेड सोसत नाही, काळ्यावर पांढरं काहीही, नाहीतर कॉन्टॅक्ट लेन्स लावणारा असेल, तर ड्रॉप देत नाही, सरळ डॉक्टरकडं पाठवतो. स्टेरॉइडवाले चिठ्ठीशिवाय बंद. ह्यामुळं गिऱ्हाईक तुटतं, दोन दुकानं पलीकडं मिळतं त्यांना, ते पण मला माहिती आहे. पापणीवर रांजणवाडी आलेल्याला गरम शेक सांगतो तर तो म्हणतो, शेकायचं होतं तर तुझ्याकडं कशाला आलो असतो.

तात्या पाला काढताना चष्मा लावतात का म्हणून सगळे विचारतात. वेल्डिंगवाल्याकडचा पांढऱ्या काचेचा आणून दिला होता. फडात घामानं धुरकटतो म्हणून पंधरा दिवसांत गोठ्यातल्या खुंटीला गेला. आता पाला नातीचा बाप काढतो, आणि तात्या बांधावर बसून त्याला ओरडतात, डोळा संभाळ रं.